देवी नव्हती ती

मी फारसा बोलणारा माणूस नाही, घरात तर नाहीच. म्हणून हे इतके दिवस पोटात राहिलं आणि कुणाला संशयही आला नाही.

बायकोचा भाऊ बाळापूरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हापासून तिच्या छातीत धडधड सुरू झाली. नुसता फोन वाजला तरी हात थंड पडायचे. नांदेडच्या डॉक्टरांनी मन शांत राहायची गोळी दिली. गोळीनं ती सावरली, पण वर्षं गेली तरी गोळी सुटेना. मग डॉक्टरच म्हणाले, हळूहळू कमी करू. आधी पाव तुकडा कमी, मग थांबायचं, बघायचं, मग पुढचा. "घाई नको. जेवण वेळेवर, चहा कमी. आणि उपवास अजिबात नाही."

जेवणाचं मी मनावर घेतलं. घरचीच केळीची बाग. सकाळी केळं आणि भिजवलेले शेंगदाणे, दुपारी ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दही. भोपळ्याच्या बियासुद्धा तव्यावर भाजून द्यायचो. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला वाटायला लागलं होतं, निम्मा डॉक्टर मीच. ती हसायची. "अवो, बाळंतिणीलाबी कुणी एवढं खाऊ घालत न्हाई." तिच्या चेहऱ्यावर तजेला आला. मी म्हटलं, हे खाण्यानंच झालं, गोळी उगीच चाललीय.

त्यात पोरीसाठी स्थळ आलं. दसऱ्यानंतर पाहुणे येणार होते. आईला डोक्याची गोळी चालू आहे हे त्यांना कळलं तर? माझ्या मनातून ते जाईना. गोळी मीच तिच्या हातावर ठेवायचो, पाण्याच्या तांब्यासकट. एक दिवस तिथं कॅल्शियमच्या गोळीचा तुकडा ठेवला. तसाच पांढरा. तिनं न बघता गिळला. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग ते अंगवळणी पडलं.

घट बसले तसा तिनं उपवास धरला. डॉक्टरांचं बोलणं तिला आठवत होतं, मलाही. तिनं विचारलं, "धरू का?" मी म्हणालो, "धर. पोट साफ व्हईल." मग काय, भगर, साबुदाणा आणि दिवसभर चहा. केळं दिलं तर अर्धं खाऊन ठेवून द्यायची.

दोन-तीन दिवसांतच तिची झोप उडाली. घामानं पदर भिजायचा. भांडं पडलं की दोन्ही कान दाबून बसायची.

"मला काहून असं व्हऊन राहिलं वो?"

"उपवास हाय. व्हतं असं." हे मी तिच्याकडे न बघता सांगितलं.

अष्टमीला देवळात दुपारच्या आरतीत संबळ वाजायला लागला आणि ती कापायला लागली. आधी हात, मग हनुवटी, मग सगळं अंग. बायांनी वाट केली. कुणी तिचे केस मोकळे केले, कुणी मळवट भरला. माझी म्हातारी चुलती तिच्या पायाशी बसली. "आई, आलीस का? आमचं काय चुकलं, बोल!"

"मला घरी न्या," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

"आई घर मागती!" चुलती ओरडली.

एकामागून एक बाया तिच्या पायावर डोकं ठेवत होत्या. मी पुरुषांच्या रांगेत टाळ्या वाजवत उभा. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तोंडात आरतीच येत राहिली. मग तिचे गुडघे वाकले, दातखिळी बसल्यासारखं झालं, तेव्हा मी धावलो. "उपवासानं चक्कर आली," एवढंच म्हणालो आणि तिला उचलून गाडीत घातलं.

"देवीला दवाखान्यात नेतो का रं, मुडद्या!" चुलती मागून ओरडत होती.

नांदेडला पोचेपर्यंत ती सावध झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज चालू आहे ना?"

"रोज," ती म्हणाली. "हेच देतात हातावर."

"मग हे कशानं?" ते लिहायला लागले. डोक्याचा फोटो काढू म्हणाले, आणखी एक औषध वाढवू म्हणाले. तिनं मान हलवली. ती काहीही घ्यायला तयार होती. मी आणखी गप्प बसलो असतो तर तिच्या नावावर नवा आजार लागला असता.

"गोळी न्हाई दिली मी," मी म्हणालो. "कॅल्शियम देत होतो."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. "झटका येऊन जीव गेला असता हिचा." मग त्यांनी पहिलीच गोळी पुन्हा सुरू केली. पुढं सावकाश कमी करायची, तीही त्यांना विचारून. खाण्याचं काय, हे विचारायची मला लाज वाटली. तेच म्हणाले, "खाऊ घाला. अंगात बळ राहील. पण गोळीचं काम भाकरी करत नाही."

परत येताना डोंगरकडा गाव लागलं. तेव्हा ती बाहेर बघतच म्हणाली, "बायांना वाटलं देवी. मला वाटलं, मी येडी व्हऊन राहिले, आता पोरीचं कसं व्हईल. खरं काय ते तुमाला एकट्याला ठाऊक व्हतं. आन् तुमी टाळ्या वाजवत व्हता."

आता गोळ्या तिच्याजवळ असतात. तुकडा ती स्वतः करते. पाहुणे आले तेव्हा तिनंच सांगून टाकलं, मला अशी अशी गोळी चालू हाय. पोराच्या आईनं जवळ सरकून विचारलं, "कोणत्या डॉक्टरची? मलाबी झोप न्हाई."

पण बाया यायच्या थांबल्या नाहीत. मंगळवारी कुणीतरी ओटी घेऊन हजर. ती पाय साडीखाली ओढून घेते. "मी न्हाई सांगणार त्यायला," ती मला म्हणाली होती. "ज्यानं केलं त्यानं सांगावं." मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

गेल्या मंगळवारी चुलती आली. वाकायच्या आधीच मी तिचा हात धरला. "काकी, ती देवी न्हवती. मी हिची गोळी चोरून बंद केली व्हती. त्यानं कापत व्हती."

म्हातारी खाली टेकली. "म्हंजी आई आलीच न्हाई?"

"न्हाई."

"मग मी नवस बोलले त्याचं काय?" मग ती माझ्या बायकोकडे वळली. "आन् तू ह्याच्या हातचं आजूनबी खाती?"

"खाते की," बायको म्हणाली. "पण पैला घास ह्यायलाच खायला लावते."