हार घातलेला एसी

डहाणू रोडला उतरलो तेव्हा उन्हाने डोकं शिजलं होतं. तलासरीच्या एका प्रशिक्षण केंद्रात एसी-फ्रीजच्या परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं, त्यामुळे मसोलीतल्या लॉजवर मी ऐटीत एसी खोली मागितली. मॅनेजर म्हणाला, "एसी आहे ने, साहेब. फक्त गार नाय करत." दुरुस्त करावा म्हटलं तर गच्चीला कुलूप, किल्ली मालकाकडे आणि मालक उंबरगावला. आयुष्यभर एसी शिकवून मी पंख्याखाली झोपलो.

सकाळी एसटीने निघालो. चिकूच्या वाड्या मागे पडल्या, टेकड्या जवळ आल्या. केंद्रात नागलीची (नाचणीची) भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी मिळाली. परीक्षकाला लाच द्यायचीच तर अशी द्यावी. एसीची परीक्षार्थी एकटीच, कल्पना. घरी डोंगराकडे भात-नागलीची शेती. वरोरच्या मासळीच्या शीतगृहात तिला कामाला घेणार होते, पण सोमवारपर्यंत पास झाली तरच.

परीक्षेचा एसी भिंतीवर झळकत होता. कुणा पाहुण्यांनी दिलेला, नारळ फोडून बसवलेला, दर दसऱ्याला पूजलेला. झेंडूचा वाळका हार अजून तसाच. खराब होईल म्हणून त्याचं बटण दाबायलाही बंदी होती, असं प्राचार्यांनी अभिमानाने सांगितलं. मुलांचा सगळा सराव भंगारातल्या मशीनवर.

मी तो उघडायला सांगितला. कल्पनाने मेन स्विच बंद केला, बूट काढून एसीला नमस्कार केला, नियमाप्रमाणे पुन्हा बूट घातले आणि झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. दुकानात मांडायचा रिकामा नमुना होता तो.

प्राचार्यांनी घाम पुसला आणि परीक्षा पुढच्या महिन्यात घेऊ म्हणाले. कल्पनाचा चेहरा उतरला.

"सर, तोवर ती जागा राहणार नाय. कुठलापण एसी द्या, पण चालणारा द्या."

चालणारा नव्हता, पण एक एसी माझ्या माहितीत होता.

दुपारी आम्ही तिघं लॉजवर पोचलो. मालक परतले होते, गच्ची उघडली. खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून एसीचं बाहेरचं युनिट त्यांनी ताडपत्रीत गुंडाळून, वर दोरीने करकचून बांधलं होतं. त्या बिचाऱ्याला श्वास घ्यायलाही जागा नव्हती. कल्पनाने ताडपत्री सोडली, धुळीने बुजलेल्या जाळ्या धुतल्या, मीटर लावून करंट तपासला. मी मदतीचा शब्दही काढला नाही, पण जीव माझाही टांगणीला लागला होता. खोलीत गारवा उतरला आणि प्राचार्यांना माझ्याच पलंगावर डुलकी लागली. इतक्या आनंदाने मी आजवर कुणाला पास केलं नसेल.

संध्याकाळी परतीच्या गाडीत बसताना प्राचार्यांचा फोन आला. रिकाम्या एसीचं झाकण बसवून नवा हार घातला होता, एसी देणारे पाहुणे भेटीला येणार होते. ते कौतुकाने हात फिरवतील आणि एसी अर्थातच कधी बिघडणार नाही, या विचाराने मी वाटभर हसत होतो.

पुढच्या आठवड्यात घरी कल्पनाचा फोन आला, वरोरहून. मागे मशीनची घरघर चालली होती. तिथल्या मशीनची पूजा केलीस का, म्हणून मी चिडवलं.

"बंद करायला मिळेल तेव्हा ना, सर," ती म्हणाली. "आत मासळी भरलीय."