तो चालायचा, मी बघायची

त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या दुसऱ्या भागावरून लोक अजून भांडतात. इतकी वर्षं झाली, पण इंटरनेटवर कुणी नुसतं त्याचं नाव काढलं, की दोन तट पडतात आणि शिव्यांपर्यंत जातात. एक म्हणणार, हा भाग म्हणजे सोनं आहे, तुम्हाला कळलाच नाही. दुसरा म्हणणार, कळण्यासारखं होतं काय त्यात? मी सगळं वाचते. माझं मत कुणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तरी मी ते सांगितलं नसतं. आज सांगते.

वर्ध्याजवळच्या सेलूला आमचं झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. बाबांनी धाडस करून कॉम्प्युटर घेतला आणि त्यासाठी टेबल करायला दिलं ते आमच्या गल्लीतल्या सुताराला. त्या भल्या माणसाने तोवर कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. बाबांनी कीबोर्डचं माप नेऊन दिलं, माऊसचं नेलं नाही. झालं, खालची सरकती फळी अशी नेमकी बसली की कीबोर्डच्या बाजूला काडेपेटी ठेवायला जागा नाही. माऊस मग उजवीकडे, झेरॉक्सचे कागद ठेवायच्या कप्प्यावर गेला. तिथे दुसरं स्टूल लागलं आणि त्या स्टुलावर मी.

म्हणून आमच्याकडे पत्रिका दोघं मिळून करायचे. दादा टाइप करायचा, मी माऊसने गणपती वर मधोमध आणून बसवायची. 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं' हे तो लिहायचा आणि त्याला फुलांची चौकट मी लावायची. जगात सगळीकडे कॉम्प्युटर असाच चालवतात, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती.

नागपूरला कॉलेजात गेल्यावर दादाने सीताबर्डीच्या फुटपाथवरून त्या खेळाची सीडी आणली. पहिला भाग. डोंगरावरचा एक बंद पडलेला दवाखाना, बाहेर धुकं, आणि आत आपण एकटे. हातात ना बंदूक ना काठी. एक टॉर्च, तिचीही बॅटरी जपून वापरायची. मागून काहीतरी येतंय एवढंच कळायचं, तेही पावलांच्या आवाजावरून. आपण थांबलो की ते थांबायचं, पण लगेच नाही. एखादं पाऊल जास्त टाकून. वेळेत मागे वळून बघितलं तर ते येत नसे, आणि उशीर झाला तर पडदा काळा. ते काय होतं, कसं दिसायचं, हे खेळाने शेवटपर्यंत दाखवलं नाही.

खेळायचो आम्ही उन्हाळ्यात, दुपारी. मे महिन्यात सेलूला दुपारी कुत्रंही रस्त्यावर नसतं. बाबा जेवून आडवे व्हायचे, आम्ही शटर अर्धं खाली ओढायचो आणि कूलर बंद करायचो. वर्धा जिल्ह्यातल्या मे महिन्यात आपण होऊन कूलर बंद करणारी माणसं मी आमच्याशिवाय पाहिलेली नाहीत, पण कूलरच्या घरघरीत पावलं ऐकू येत नसत. घामाने स्टूल ओलं व्हायचं. आईने एकदा डोकावून पाहिलं, म्हणाली, "बाप्पा, काऊन शिजून राह्यले तुमी दोघं?" आणि स्वतःच कूलर लावून गेली. आमचं पात्र त्याच मिनिटाला मेलं.

कीबोर्डाने चालायचं आणि माऊसने बघायचं, असा तो खेळ. म्हणजे दादा चालायचा आणि मी बघायची. यात मला नवल वाटायचं काही कारणच नव्हतं, उलट वाटलं, हा खेळ कॅरमसारखा दोघांसाठीच काढलेला दिसतो. एकाने पुढे जायचं, दुसऱ्याने मागचं सांभाळायचं.

"मांगं पाह्य वं," तो म्हणायचा.

"तू चाल ना, मी पाह्यतेच आहो."

कधी मध्येच पाय थांबवून, घसा खाकरून विचारायचा, "आवाज आला का काई?" त्याचा आवाज तेव्हा असा कोरडा पडलेला असायचा की मी माऊस गर्रकन मागे फिरवायची. घरात दादा म्हणजे कुणाला न घाबरणारा माणूस. बाबांशी उलटून बोलणारा, विहिरीत उलट्या उड्या मारणारा. तो इथे माझ्या भरवशावर एकेक पाऊल टाकतोय, हे मला इतकं मोठं वाटायचं की मी पापणी मिटत नसे. शाळेत मी कशातच नव्हते, ना अभ्यासात ना खेळात. पण दुपारी शटर अर्धं पडलं की माझ्यावाचून कुणाचं तरी अडायचं.

उन्हाळा संपता संपता आम्ही दवाखान्याच्या शेवटच्या दारापर्यंत पोचलो. दार उघडलं, पांढरा उजेड आला आणि संपलं. दाराबाहेर काय होतं ते काहीच सांगितलं नाही. त्यावर आम्ही जेवताना भांडलो, बाजाराला जाताना भांडलो. शेवटी तो म्हणाला, "दुसऱ्या पार्टमंधी सांगतीन ते."

पुढे त्याला पुण्याला नोकरी लागली. बॅग भरताना त्याने मला बजावलं, "दुसरा पार्ट आला तं संगंच खेळू. तू एकटी नोको पाहू."

"मी एकटी कशी खेळीन?" मी म्हटलं. तो हसला. तेव्हा मला वाटलं, आनंदाने हसला.

दुसरा भाग आला तोवर मी वर्ध्याला कॉलेजात होते. बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी फॉर्म भरायला जायची, तिथे पोरं तो खेळायची. एकेकटी. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर. मला त्यांची खरोखर कीव आली. बिचाऱ्यांना जोडीदार मिळाला नसेल, म्हणून ओढाताण करून घेताहेत, असं वाटलं. हे मी कुणाला बोलले नाही, नाहीतर मला तिथूनच उचलून वेड्यांच्या दवाखान्यात नेलं असतं.

त्या कॅफेत तर रोज रणधुमाळी चालायची. दुसऱ्या भागात एक सोडून दिलेलं गाव होतं, खाणीच्या काठचं. घरात शिरायचं, पडलेल्या वस्तू उचलायच्या, कुणाकुणाचे आवाज ऐकू यायचे. टॉर्चऐवजी कंदील, आणि तो विझतच नसे. मुख्य म्हणजे मागून कुणी येतच नव्हतं. पावलं फक्त आपली. पोरं पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत भूत येण्याची वाट पाहायची, आणि भूत न येताच खेळ संपायचा.

"अबे हा गेम नाई, सिरीयल आहे," कॅफेवाला म्हणायचा. "सासू तेवढी दाखवाची राह्यली."

एक हडकुळा मुलगा होता इंजिनिअरिंगचा, त्याने सांगितलं की त्याला शेवटी रडू आलं. त्यानंतर त्याला कॅफेत 'रडका' म्हणूनच हाका मारायला लागले. तो तरीही हट्टाने म्हणायचा, "कोणी येत नाई, हेच तं भेव आहे ना." त्यावर सगळे आणखी हसायचे. मी स्क्रीनकडे पाठ करून फॉर्म भरायची आणि कानात बोटं घालता येत नाहीत म्हणून मनात पाढे म्हणायची. शेवट ऐकायचा नव्हता मला. पण जे ऐकलं त्याने जीव खालीवर झाला. मागून कुणी येत नाही, तर मागे बघायचं कशाला? मग या भागात मी करायचं काय?

इंटरनेटवर लोकांनी इंग्रजीत लिहिलेलंही मी डिक्शनरी घेऊन वाचलं. कुणी लिहिलं होतं, दुसऱ्या भागाने माझा पहिलाही भाग खराब केला. ते वाचून मी चिडले. जे आधी होऊन गेलं ते नंतर आलेलं कसं खराब करेल? लोकांना काही कामधंदा नाही, असं म्हणून मी ते पान बंद केलं.

सीडी मी आणून ठेवली होती. उघडली नाही. दिवाळीला दादा आला तो नुसता तोंड दाखवून गेला, अर्धा वेळ फोनवर. पुढच्या उन्हाळ्यात सुटी मिळाली नाही. राखी पोस्टाने गेली. फोनवर मी विचारायची, "कधी येतं? सीडी तशीच आहे," आणि तो म्हणायचा, "येतो ना वं, येतो." दरम्यान बाबांनी नवं टेबल आणलं, रेडिमेड. त्यावर माऊसला ऐसपैस जागा होती. पत्रिका मी एकटी करू लागले, दोन्ही हातांनी. सवय झाली. कामाला काय, सवय होते. खेळाचं मात्र वेगळं आहे, असं मी धरून चालले होते.

मग माझं लग्न ठरलं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, दादा आला. पाहुणे पांगले, दुसऱ्या दिवशी घर शांत होतं. लग्न झाल्यावर अशी दुपार मिळायची नाही, हे मला माहीत होतं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दुसरं स्टूल ओढून आणलं, कूलर बंद केला. कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला, माऊस माझ्याकडे घेतला. सीडी आत घातली.

दादा स्टुलावर बसला, स्क्रीनवर नाव आलं ते पाहून म्हणाला, "हे? हे तं मी खेळलो. मांगच्याच वर्षी. बकवास आहे वं, कायले वेळ घालवतं."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, "कोणासंगं खेळला?"

"कोणासंगं कायले? रूमवर. सुटी होती."

"मंग माऊस कोनं धरला होता?"

तो माझ्याकडे बघत राहिला. चेष्टा करतेय का ते शोधत होता बहुतेक. मग त्याच्या लक्षात आलं की मी खरंच विचारतेय, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या मऊपणाचाच मला धसका बसला.

"एकट्यानंच खेळाचा असते तो गेम," तो हळूच म्हणाला. "पयलाही."

"तुले तवा माहीत होतं?"

"हाव. हॉस्टेलवर सगळे तसेच खेळत. माऊस काय, मांडीवर पाट घेऊन ठेवला असता तरी झालं असतं." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाला, "थांब, मी दाखवतो तुले. पाह्यजो."

त्याने माऊस माझ्या हातातून अलगद काढून घेतला. दोन्ही हातांनी खेळायला लागला, भरभर, कॅफेतल्या पोरांसारखा. फाटक, विहीर, शाळा, एकामागून एक घरं. मला समजावूनही सांगत होता, अगदी प्रेमाने. इथं फोटो सापडते, इथं एक बाई बोलते, तिचं तेवढं ऐक. घरं खरंच सुंदर काढलेली होती. भिंतीवर उंची मोजल्याच्या खुणा होत्या, चुलीपाशी पालथी घातलेली भांडी होती. मला थांबून बघावंसं वाटत होतं, पण बघणं आता माझ्याकडे नव्हतं. तो वस्तीतून सरळ चालला होता आणि एकदाही मागे वळत नव्हता. वळायचं कारणच नव्हतं, त्यात त्याची चूक काय? त्या हडकुळ्या मुलाचं म्हणणं मला तेव्हा पटलं, आणि त्या लिहिणाऱ्याचंही, ज्याच्यावर मी चिडले होते. डोळे भरून आले. ते त्याला दिसू नये म्हणून मी पदर सारखा करत बसले. साक्षगंधात मिळालेली नवी साडी होती, तिचा पदर काही जागेवर राहत नव्हता.

मला एकच गोष्ट विचारायची होती. उत्तर नको होतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"दादा, पयल्या पार्टमंधी तू थांबत होता ना, आवाज आला का म्हणून. तवा तुले भेव वाटे का?"

त्याने खेळ थांबवला. नीट आठवलं. त्याला खोटं बोलायचं असतं तर त्या क्षणी बोलला असता, आणि मी ते आयुष्यभर खरं मानलं असतं. पण माझा भाऊ तसा सरळ माणूस.

"नाई वं," तो हसून म्हणाला. "तुले मजा यायची म्हणून करत होतो."

एखादी चांगली गोष्ट आज उघड करावी तसं त्याने सांगितलं, आणि पुन्हा खेळाकडे वळला. थोड्या वेळाने आईने चहाला हाक मारली. आम्ही शटर वर करून गेलो. आईने विचारलं, काय करून राह्यले होते, आणि तो म्हणाला, काही नाई, जुना गेम दाखवत होतो हिला.

लोक ज्यावरून भांडतात त्याचं माझ्यापुरतं उत्तर हे, की दुसरा भाग चांगला आहे. मी तो नंतर एकटीने खेळले, सासरी, नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर, सगळी घरं थांबून थांबून बघत. तो चांगलाच आहे. पण मला त्याबद्दल विचारू नका. मला पहिल्याबद्दल विचारा. दादाला त्यात भीती वाटत नव्हती. मला वाटायची, खरीखुरी, आणि ती एका क्षणासाठीही माझ्या स्वतःसाठी नव्हती.