मालतीताई आणि मोठ्या घराच्या दारांच्या मुठी

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि लिहिण्यात चुका जागोजागी असतील. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि मुलीला रोज तिकडे कोण सोडणार, म्हणून बंद झाली. त्यानंतर वाण्याची यादी आणि माहेरी खुशालीची पत्रं, एवढंच लिहिलं. हेही कुणाला दाखवायचं नाही. पण मालतीताईंना जाऊन दोन महिने होत आले तरी माझा राग उतरत नाही. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून वहीत लिहिते. कुणाच्या हाती पडलंच तर समजून घ्या.

सकाळी रश्मीचा फोन आला. रश्मी म्हणजे ताईंची मुलगी, इथेच इंग्लंडमध्ये जन्मलेली. म्हणाली, "मावशी, आई गेला." तिचं मराठी असंच आहे. मला वाटलं ताई बसने मोठ्या घरी गेल्या, कारण सोमवार त्यांचा तिथला दिवस. मी म्हटलं, "अगं, एवढ्या थंडीत कशाला गेल्या?" ती मग रडायला लागली... झोपेतच हृदय बंद पडलं होतं. मी हातातली कणीक तशीच ठेवून सुनेला हाक मारली.

ताई मूळच्या नागपूरच्या. तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या, सगळा जन्म इथल्या हॉस्पिटलात काढला. मी आले आमचे हे वारल्यावर, मुलाकडे क्रॉयडनला. तेव्हा ट्राम नवीनच सुरू झाली होती. मी स्टॉपवर उभी राहायची, ट्राम यायची, दार उघडायचं आणि मी चढायचीच नाही. दार आपोआप बंद होतं, त्यात पदर अडकला तर, असं वाटायचं. माझ्या हातात कराडच्या कापडदुकानाची पिशवी होती. ती वाचून मागून एक बाई म्हणाली, "कराडच्या का तुम्ही? मग काहून घाबरून राह्यल्या? चला माझ्यासंगं." माझा दंड धरून त्यांनी मला आत चढवलं. त्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणू लागले आणि त्या मला हिरा.

मोठं घर म्हणजे गावाबाहेरचा जुना सरदारी बंगला. आत तसबिरी, पुस्तकं, झुंबरं. आता तिथे कुणी राहत नाही, लोक तिकीट काढून बघायला येतात. त्या घराचं एक मित्रमंडळ आहे. निवृत्त माणसं आठवड्यातून एक दिवस फुकट काम करतात आणि जत्रा, रोपांची विक्री, चहा-केक यांतून घरासाठी पैसे जमवतात. ताई त्यात होत्या आणि त्यांनी मलाही ओढलं. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. त्या म्हणाल्या, "धूळ कोणत्या भाषेत झाडतात वं?"

पहिल्या दिवशी मंडळाच्या अध्यक्ष मार्गरेटबाईंनी आम्हाला मागचं दार दाखवलं. मदतनिसांनी तिथून यायचं, पूर्वी नोकर यायचे तिथून. ताई थांबल्या. हसून पण ठामपणे इंग्रजीत काहीतरी बोलल्या आणि मला घेऊन पुढच्या पायऱ्यांनी आत गेल्या. नंतर मला म्हणाल्या, "माझ्या बापाला गावात लोकांनी कधी पुढच्या दारानं आत घेतलं नाही. मी फुकट काम करायला आली अन् मागच्या दारानं जाऊ?" पुढच्या सोमवारपासून सगळेच पुढच्या दाराने येऊ लागले. मार्गरेटबाई काही बोलल्या नाहीत. ते लोक बोलत नाहीत, मनात ठेवतात.

हिवाळ्यात घर बंद असतं. त्याला ते घर झोपवणं म्हणतात. खुर्च्यांना सुती झगे घालायचे, डुकराच्या केसांच्या मऊ ब्रशने एकेक पुस्तक झाडायचं, खिडक्यांवर पडदे ओढायचे म्हणजे ऊन लागून कापडाचा रंग उडत नाही. मला ते काम फार आवडायचं. कुणाशी बोलावं लागत नसे. ताई मात्र बोलत असायच्या, तसबिरीतल्या माणसांशीसुद्धा. एका गलेलठ्ठ साहेबाच्या चौकटीवरची धूळ काढताना म्हणायच्या, "हल जरा भाऊ, आमच्याच मिठावर फुगलास तू." उन्हाळ्याच्या जत्रेत त्या आलूबोंडे तळायच्या. केक उरायचे, बोंडे उरत नसत. तो सगळा पैसा मंडळाच्या पेटीत जायचा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. वसंतात घर उघडायचं होतं. आदल्या दिवशी ताई आणि मी दिवाणखान्यात होतो. मी खाली बसून गालिच्याची झालर विंचरत होते आणि केनेथ नावाचे म्हातारे गृहस्थ शिडीवर चढून घड्याळाला किल्ली देत होते. मार्गरेटबाई घाईत दारातून डोकावल्या. दारांच्या मुठी आणि कुलपांच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या की या फार वाईट दिसतात, चकचकीत करा. शाइन हा शब्द मलासुद्धा कळतो. आणि त्या गेल्या. कशाने करा, किती करा, काही नाही. कपाटातल्या पॉलिशची डबी रिकामी होती. ताई म्हणाल्या, पितळ कसं घासायचं हे आपल्याला कोण शिकवणार? बसने घरी जाऊन चिंच आणि मीठ घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत मुठी अशा लखलखल्या की त्यात तोंड दिसावं. दुसऱ्या दिवशी मार्गरेटबाईंनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं.

काही आठवड्यांनी जुन्या वस्तूंची पारख करणारा तज्ज्ञ आला. मुठींकडे बघून मटकन खुर्चीवर बसला. ते नुसतं पितळ नव्हतं. त्यावर सोन्याचा पातळ मुलामा होता आणि काळं दिसत होतं त्याच्याखाली तो शाबूत होता. चिंचेने आणि घासण्याने सगळा गेला. पुन्हा मुलामा द्यायला मंडळाच्या पेटीतून बरीच रक्कम गेली.

त्या महिन्याच्या सभेला मी नव्हते, नातवाला कांजिण्या आल्या होत्या. मार्गरेटबाई म्हणे उभ्या राहून बोलल्या, की आमच्या एका सभासदाच्या अति उत्साहामुळे बागेच्या भिंतीसाठी जमवलेले पैसे दाराला लागले. नाव घेतलं नाही. सगळ्या माना ताईंकडे वळल्या. आपण सांगितलं होतं, हे त्या बाईने सांगितलं नाही. केनेथही कपात बघत बसले. तेव्हा ताई उठल्या आणि म्हणाल्या, मी केलं, मी भरेन. सगळे म्हणाले, छे छे, असं कसं, मुळीच नको. आणि ताईंनी पहिला चेक दिला तो घेतला! छे छे म्हणत घेतला. पुढच्या महिन्यात दुसरा, तोही घेतला. वर त्यांना घरातल्या कामावरून काढून मागच्या शेडमध्ये रोपांच्या कुंड्या धुवायला लावलं. गार पाणी, उघडं दार. आणि ताई जात राहिल्या!

मला हे कळलं ते फार उशिरा. ताई दोन वर्षं नागपूरला बहिणीकडे जायचं म्हणून पैसे साठवत होत्या. मी विचारलं, "ताई, तिकीट काढलं का?" तर म्हणाल्या, "ते पैसे दारानं खाल्ले." मग सगळं बाहेर आलं. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात मी कुणावर ओरडले नव्हते.

"तुम्ही का भरता? तिनेच सांगितलं ना? मी ऐकलंय!"

"तू ऐकलंस. त्यांनी नाही ऐकलं."

"मग सांगा त्यांना!"

"हिरा, मी हात पुढं करून सांगू का, की मला सांगितलं म्हणून केलं? मी काय मोलकरीण आहे? माझ्या हातानं झालं, मी भरते. आपल्या माणसांवर कुणी बोट नाही ठेवलं पाहिजे."

मला त्यांचा हा ताठा आवडायचाही आणि आता त्याचा संतापही येतो. कुणी बोट ठेवू नये म्हणून स्वतःच्या बहिणीचं तोंड बघितलं नाही. ती बहीण अजून नागपुरात आहे. ताई मात्र नाहीत.

अंत्यविधीला मंडळाची माणसं आली, काळे कोट घालून. आम्ही त्रिशरण म्हटलं तेव्हा माना खाली घालून उभी राहिली. मग त्यांनी रश्मीला आणि मला चहाला बोलावलं. मार्गरेटबाई बोलत होत्या, रश्मी मला हळूच सांगत होती. आम्ही बागेत ताईंच्या नावाचं बाक ठेवणार आहोत. आणि हो, मुठींचे जे थोडे पैसे भरायचे राहिले होते ते आम्ही माफ केले आहेत.

माफ केले! रश्मीने तो शब्द सांगितला आणि माझ्या कानशिलात ठणका उठला. माफ कुणाला करतात? चोराला करतात. मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नो बेंच. मनी बॅक."

मार्गरेटबाई म्हणाल्या, "सॉरी, डिअर?"

"यू से शाइन. यू! शी नो ब्रेक. यू से शाइन, शी शाइन. ऑल मनी बॅक."

रश्मी माझा हात ओढून कुजबुजली, "मावशी, बस ना, प्लीज. हे काय करतो आपण?" मी बसले नाही. मार्गरेटबाई लाल झाल्या. त्यांना असं काही बोलल्याचं आठवत नव्हतं. तेवढ्यात केनेथ खाली बघत म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, मार्गरेट. मी शिडीवर होतो." मला बरं नाही वाटलं, उलट जास्तच राग आला. आज जे तोंड उघडलं ते ताई जिवंत असताना का नाही उघडलं? मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन आठवड्यांनी चेक आला. निम्म्याच रकमेचा. सोबत फुलांचं कार्ड, त्यात लिहिलेलं की ही मंडळातर्फे सदिच्छेची भेट. रश्मी म्हणाली, "मावशी, घेऊन टाकू. संपव." मी म्हटलं, "भेट कुणी मागितली? परत पाठव. लिही, आईने भरले तेवढे सगळे द्या, आणि आईची चूक नव्हती असं लिहून द्या."  मग तिने डोळे पुसले आणि मी सांगितलं तसं, तिच्या चांगल्या इंग्रजीत लिहिलं. पुन्हा वाट बघितली. मला वाटलं, आता काही येत नाही. पण नवा चेक आला. सोबतच्या कागदावर फुलं नव्हती. मंडळाच्या सूचनेवरून काम केलं गेलं होतं, सबब ताईंनी भरलेली रक्कम परत करत आहोत, एवढंच होतं. खाली मार्गरेटबाईंची सही.

काल रश्मी आणि मी बँकेत गेलो. मी बाकावर बसले, ती खिडकीशी उभी राहिली. चेक आधीच भरला होता, पैसे तिच्या खात्यात आले का, तेवढं विचारायचं होतं. ती वळली.

"आलं, मावशी."

"सगळे?"

"सगळे."