फत्तेमावशीचा हात

पाळणाघरात तिला सगळे फत्तेमावशी म्हणत. वाटी रिकामी झाली की ती पालथी घालून "फत्ते!" असं ओरडायची तिची सवय, त्यावरून. बावीस वर्षं तिचं काम एकच, पोरांना भरवणं. लंगोट बदलायला दुसऱ्या बाया होत्या, झोपवायला तिसऱ्या. पण दुपारी बाराला भिंतीलगतच्या बुटक्या खुर्च्यांवर बारा पोरं बसली की तिथे मावशीचं राज्य. अर्ध्या तासात बारा वाट्या पालथ्या. नाकी नऊ आलेल्या आया सकाळी पोर हवाली करताना रडवेल्या होऊन सांगायच्या, "मावशी, घरी एक घास घेत नाही हो." त्यावर मावशीचं ठरलेलं उत्तर असे, "घरी तुम्ही त्याला विचारता. मी विचारत नाही."

चिऊ-काऊचे लाड तिला मंजूर नव्हते. अन्न इतकं पातळ करायचं की चावायचं कामच उरू नये. मग डाव्या अंगठ्याने गाल दाबायचा, की तोंड उघडतं. चमचा आत. आणि पोरानं घास गालात धरून ठेवलाच, तर तोंडावर एक फुंकर. फुंकर बसली की पोर दचकून गिळतं म्हणजे गिळतंच. ही फुंकर तिने नव्या बायांनाही मोठ्या ऐटीत शिकवली होती. वाईट बाई नव्हती हो ती. पोर उपाशी राहू नये एवढंच तिला कळत होतं, आणि त्यापुढचं कळून घ्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

आणि अशा बाईच्या घरात ठोंब्या जन्माला यावा! ठोंब्या हा तिच्या मुलीचा मुलगा, दीड वर्षाचा. नाव ठोंब्या, अंगावर मांस औषधालाही नाही. मुलगी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला, जावई लांब पल्ल्याचे ट्रक चालवणारा, महिन्यातून चार दिवस तोंड दाखवणारा. घरात काय त्या दोघी आणि हे पोर. चमचा दिसला रे दिसला की ठोंब्या ओठ गच्च मिटायचा. मान फिरवायचा, हात झाडायचा, वाटी उडवायचा. पावाचा मऊ तुकडा हातात दिला तर मात्र कोपऱ्यात बसून आपला आपण चघळत राहायचा, चांगला पाऊण तास.

"पावावर पोर वाढतं होय?" मावशी तो तुकडा काढून घ्यायची.

कामावर बायांना आयतंच सापडलं. "काय मावशी, जगाची पोरं गुबगुबीत आणि घरचं पाप्याचं पितर?" मावशी वरवर हसायची, पण ते तिच्या फार जिव्हारी लागायचं.

दवाखान्यात वजन करणाऱ्या नर्सने एक दिवस कार्ड पुढे धरलं. "तीन महिने काटा जागचा हललेला नाही. पुढच्या महिन्यात वाढलं नाही तर दाखल करून तपासण्या कराव्या लागतील. जेवताना ठसका लागतो का याला?"

"लागतो," मुलगी म्हणाली. "पाणी पितानाही लागतो. आणि छाती सारखी घरघर..."

"अगं, नाटकं आहेत ती!" मावशीने तिला मध्येच तोडलं. "खायचं नसलं की खोकतात. माझ्या हाताखालून असली शेकड्यांनी गेलीत."

नर्सची स्वतःची मुलगी मावशीच्याच हातचं खाऊन मोठी झालेली. मावशीपेक्षा जास्त कुणाला कळणार? तिने ठसक्याच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहून टाकलं.

बाहेर पडल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "आई, दाखवूया का मोठ्या डॉक्टरांना?"

"एक महिना दे मला. साठलेली सगळी रजा घेते. तिन्ही वेळा मी भरवते. नाही वाढलं वजन, तर दाखल कर खुशाल."

मुलीने महिना दिला. आईपुढे तिची कधी मात्रा चालली होती, की आज चालणार?

मावशीने कंबर कसली. बटाटा, गाजर, दूध मिक्सरमधून काढायचं, वर गाळणीतून गाळायचं. ठोंब्याचे हात टॉवेलात गुंडाळायचे, खुर्चीत घट्ट बसवायचं. अंगठा, चमचा, फुंकर. अंगठा, चमचा, फुंकर. तो खोकायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं, नाकातून गाजर यायचं. मावशी पुसायची आणि पुढचा चमचा भरायची. मुलगी घरी असली तर स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहायची.

"आई, त्याचे ओठ बघ. निळे पडलेत."

"रडून रडून पडलेत. तू मध्ये येऊ नकोस. तुझ्या जिवावरच माजतो तो."

तिसऱ्या आठवड्यात त्याने वाटी उडवायचं सोडलं. हातही झाडेना. खुर्चीत बसवला की नुसता मावशीच्या अंगठ्याकडे बघत राहायचा. मावशीला वाटलं, चला, आलं पोर वळणावर.

महिना भरला. काटा साडेतीनशे ग्रॅमने वर गेला.

"मानलं बुवा मावशी तुम्हाला!" नर्स म्हणाली. मावशीने तिथेच, दवाखान्यात, सगळ्या आयांसमोर "फत्ते!" म्हणून आरोळी ठोकली. ठोंब्या दचकला. लोक हसले.

पाचव्या दिवशी तो तापाने फणफणला. दुपारपर्यंत त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या, आणि दोघी रिक्षात घालून त्याला मोठ्या रुग्णालयात घेऊन पळाल्या.

तिथली डॉक्टरीण मावशीच्या मुलीपेक्षाही लहान होती. तिने एक्स-रे उजेडावर धरला. उजवीकडचं फुप्फुस जवळजवळ सगळं पांढरं दिसत होतं.

"अन्न जातंय छातीत. एकदा नाही, बरेच दिवस जात असणार. घरी कोण भरवतं?"

मुलगी फरशीकडे बघत राहिली. आईचं नाव तिच्या तोंडून निघेना.

"मी," मावशी म्हणाली.

"याला गिळता येत नाही नीट. जन्मापासूनच असणार. घट्ट त्यातल्या त्यात उतरतं. पातळ दिलं की सरळ श्वासनलिकेत." डॉक्टरीण थांबली. "तोंड मिटून घ्यायचा का तो?"

"हो."

"बरोबर करत होता."

"पण वजन वाढलं होतं हो," मावशी म्हणाली.

पुढचं डॉक्टरिणीने मुलीलाच सांगितलं. नाकातून नळी, कित्येक महिने तोंडाने एक थेंबही नाही, आणि ते फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखं होईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

दोघी बाहेर बाकावर बसल्या. मुलगी भांडली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मला दिसत होतं गं. रोज दिसत होतं. पण मीही तुझ्याच हातचं खाऊन वाढले ना. म्हटलं, आईलाच कळत असेल."

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि एकेकाला आत सोडलं. मुलगी औषधं आणायला खाली गेलेली, म्हणून मावशी गेली. मोकळ्या हातांनी गेली. ठोंब्या जागा होता. नाकात नळी, गालावर पट्टी, हाताला सुई. पार वाळून गेला होता. त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवावा, एवढंच तिच्या मनात होतं. तिने हात पुढे केला.

ठोंब्याने तो हात पाहिला. त्याचे डोळे भरून आले. आणि त्याने आपणहून तोंड उघडलं, जेवढं उघडता येईल तेवढं.

"नाही रे राजा," मावशी कशीबशी म्हणाली, "काही नाही आणलं मी. मीट तोंड. मीट रे बाळा."

तिने हात पाठीमागे लपवला. तरी तो मिटेना.