कडक की मऊ

त्या महिन्यात जेवताना, ऑफिसात, सिग्नलला थांबल्यावर माझ्या डोक्यात एकच विचार असायचा: गाडीला कॉइलओव्हर कोणते बसवायचे? माझी गाडी पळायची जोरात, पण वळणावर झुकायची. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र; त्यांचे दोन संच मी हेरून ठेवले होते, एक कडक, एक मऊ. मला कडक हवा होता. पण बायकोच्या कमरेत चमक भरायची, म्हणून मऊ घ्यायचं ठरवायचो आणि तासाभरात बेत मोडायचो.

छावणीतल्या गॅरेजचे मिस्त्री वैतागले. "साहेब, लई झालं आता. दोन्ही संच बसवलेल्या गाड्या इथं उभ्या हायत, मालकांना विचारलंय. चालवून बघा. भाभींनाही आणा."

रविवारी सकाळी आम्ही एकेक गाडी वेरूळच्या रस्त्यावरच्या घाटात नेली. आधी मी चालवली आणि आणखीच गोंधळलो. मग बायकोनं किल्ली मागितली. मऊ गाडी तिनं दोन वळणांतच परत फिरवली. कडक गाडी मात्र घाटाच्या टोकापर्यंत नेली. शेजारी बसून मी प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"हीच घ्यायची," ती म्हणाली. "हिच्यात चाक कुठं आहे ते कळतं."

"आणि तुझी कंबर?"

"कंबर माझी आहे ना? मग मला एकदा विचारायचं तरी!"

खरंच, महिनाभरात मी तिला विचारलंच नव्हतं. तिथूनच मिस्त्रींना फोन लावला.

आता घाटात गाडी तीच चालवते. मी शेजारी बसून, ब्रेक नसलेल्या जागी उगाच पाय दाबत राहतो.