सॅम्पल फ्लॅटमधली संध्याकाळ

हसायचं नाही, आधीच सांगते! माझी ही फजिती मी अजून माहेरीसुद्धा कोणाला कळू दिलेली नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही.

तर आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला, खारीत. वन बीएचके. मी, माझा नवरा सचिन, आमची सहा वर्षांची चिऊ आणि आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे. बेडरूम आमची आणि हॉल आई-बाबांचा, पण हे आपलं नावाला. घरातलं एकुलतं एक कपाट बेडरूममध्ये, त्यामुळे आईंना रुमाल हवा असला तरी आत यायला लागतं. दाराला कडी आहे हो! पण ती लावायची कोणाची छाती?

एक दिवस मी मोबाईलवर कुठेतरी वाचलं, 'लग्न झालेल्यांनी महिन्यातून एकदा तरी डेटवर जावं, कमी खर्चात दहा आयडिया.' वाचून आमची चर्चा झाली. आमची चर्चा म्हणजे कुजबुज.

"घरीच मेणबत्ती लावून जेवायचं म्हणे," मी म्हटलं.

"बाबा विचारतील, लाईट गेली का?"

"गच्चीवर बसून तारे बघायचे."

"चावी सेक्रेटरीकडे. कारण लिहून द्यावं लागतं. काय लिहू?"

"दोघांनी मिळून स्वयंपाक करायचा."

यावर आम्ही दोघांनीही आमच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे एकच माणूस उभं राहतं, तेही तिरकं.

जेसल पार्कच्या चौपाटीवर जावं, तर बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी शेजारी येऊन बसतंच आणि पाणी कधी येणार यावर बोलतं. मग मला सुचलं. माझंच डोकं! हाटकेशच्या बाजूला एका नव्या टॉवरचं काम सुरू होतं आणि बाहेर बोर्ड होता, 'सॅम्पल फ्लॅट तयार आहे.' आत एसी, कोल्ड कॉफी, मऊ सोफा, आणि हे सगळं फुकट. फ्लॅट बघायला आलोय म्हणायचं, दोन तास बसायचं आणि निघायचं. कोणाच्या बापाचं काय जातंय?

घरी सांगितलं, सचिनच्या ऑफिसातल्या एकांकडे सत्यनारायण आहे. आई लगेच म्हणाल्या, "प्रसाद घेऊन या हां." पहिला पेच तिथेच पडला, पण मी म्हटलं बघू.

रविवारी पाच वाजता आम्ही तिथे पोचलो. जाड काचेचं दार, आत गारेगार हवा आणि काळ्या कोटातली एक गोड मुलगी. निकिता. तिने फॉर्म पुढे केला. आता बघा हं, माझी हुशारी. ही लोकं नंतर फोन करून जीव नको करतात हे मला माहीत होतं, म्हणून माझ्या नंबरचा शेवटचा आकडा मी मुद्दाम चुकवून लिहिला. खाली दुसरी रेघ होती, 'पर्यायी नंबर'. आणि माझा हात आपोआप चालला.

तुमचंही असंच होतं का हो? चिऊच्या शाळेचा फॉर्म, गॅसचं बुकिंग, कुरिअर, सगळीकडे पर्यायी नंबर म्हणून मी आईंचा नंबर देते, कारण त्या घरी असतात आणि फोन पहिल्या रिंगला उचलतात. नवऱ्याचा नंबर मला पाठ नाही, पण सासूबाईंचा झोपेतही सांगेन. तो मी तिथे लिहिला, बरोब्बर दहाच्या दहा आकडे. आणि वर सही ठोकली!

"सर, फॅमिली में कितने लोग?" निकिताने विचारलं.

सचिनच्या अंगात तोपर्यंत कोल्ड कॉफी भिनली होती. रेलून बसत म्हणाला, "बस, हम दोनों. और कोई नहीं."

"ओ, सो स्वीट! और पझेशन कब तक चाहिए सर?"

"जितना जल्दी हो सके."

मी त्याला कोपर मारलं. तो म्हणाला, "अगं, खोटंच बोलायचंय तर मनासारखं बोलू दे ना!"

मग तिने आम्हाला सॅम्पल फ्लॅटमध्ये सोडलं. "आप लोग आराम से फील करो, मैं आती हूँ," म्हणाली आणि दार ओढून गेली.

काय सांगू तुम्हाला! टीव्ही पुठ्ठ्याचा होता, सफरचंदं प्लॅस्टिकची, नळाला पाणी नाही आणि बाल्कनीबाहेरची झाडं छापलेली. पण दार बंद होतं. आम्ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो. सचिनने मला विचारलं, "तू हल्ली गात का नाहीस गं?" आठ वर्षांत हे त्याने विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कुठे गाऊ?" आणि मग मी चक्क गायले, अख्खं गाणं! तो डोळे मिटून ऐकत होता. मला इतकं बरं वाटलं ना, की मी दोन-तीनदा डोळे पुसले.

निघताना प्रसादाची आठवण झाली. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून शिरा बांधून घेतला आणि रिक्षात बसलो. दोन मिनिटं झाली नसतील, आईंचा फोन.

"झाला का गं सत्यनारायण?"

"आरती चालू आहे आई," मी म्हटलं. तेवढ्यात आमच्या रिक्षावाल्याने कोणाला तरी दिलेली शिवी त्यांनी नक्की ऐकली असणार.

"बरं. इथे एका मुलीचा फोन आला होता. तुझा नंबर लागत नाही म्हणाली. आप के बेटे-बहू को फ्लॅट बहुत पसंद आया, म्हणाली. फक्त दोघंच राहणार म्हणाली." मग आई म्हणाल्या, "घरी या. बोलायचंय." आणि फोन ठेवला.

खोटं नाही सांगत, प्रसादाची पिशवी मांडीवरून घसरली तरी मला कळलं नाही.

"नंबर कोणी दिला?" सचिन ओरडला.

"और कोई नहीं, हे कोण म्हणालं?" मी ओरडले.

"आईला बीपी आहे गं!"

"ते मला माहीत आहे, गोळ्या मीच देते! पण तुला कोणी काही म्हणणार नाही. मुलगा बिचारा साधा असतो. घर फोडते ती सूनच! राजापूरला तुझ्या आत्याला एव्हाना कळलं असेल. तिथून ते चिपळूणला माझ्या आईपर्यंत पोचायला किती वेळ लागतो?"

मी मनातल्या मनात सगळं बघत होते. आई पदराने डोळे पुसतायत, बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेत. चिऊला त्या दोघांशिवाय घास जात नाही. मी तापाने फणफणले होते तेव्हा रात्रभर उशाशी कोण बसलं होतं? आईच ना? आणि दोन तासांच्या गारव्यासाठी मी त्यांना काय ऐकवलं? मला माझीच लाज वाटत होती.

बिल्डिंगखाली उतरलो. "तू पुढे जा," सचिन म्हणाला.

"तुझी आई आहे!"

"नंबर तू दिलास!"

शेवटी मीच पुढे झाले. दार उघडंच होतं. हॉलमध्ये बघते तर काय? आईंची मोठी बॅग दिवाणावर, उघडी! बाजूला त्यांच्या साड्यांच्या चळती. बाबा कुठे दिसेनात.

संपलं! आई गावाला निघाल्या!

मी चप्पलही काढली नाही. धावत जाऊन आईंचे पाय धरले. "आई, जाऊ नका हो! माझं चुकलं! फ्लॅट-बिट काही नाही! सत्यनारायण पण नव्हता! हा शिरा हॉटेलातला आहे, यात अननस आहे! आम्ही नुसते बसायला गेलो होतो, दोघंच, गप्पा मारायला! तिथे एसी होता म्हणून! ती मुलगी काहीही बोलतेय! तुम्हाला सोडून आम्ही कुठेही जाणार नाही, आई! कध्धीच नाही!"

एवढं बोलून मी हमसून हमसून रडायला लागले. मागे दारात सचिनही नाक ओढत उभा होता.

मी वर पाहिलं. त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या.

"कधीच नाही?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही, आई! शपथ!"

तेवढ्यात बेडरूममधून बाबा बाहेर आले. हातात मोजायची टेप. "अगं ए, खिडकीखाली सहा बाय पाचचा पलंग आरामात बसतोय," असं म्हणत म्हणत आम्हाला बघून ते थांबले. त्यांच्या पाठीमागे मला आमचं कपाट दिसलं. अर्धं रिकामं केलेलं! माझे ड्रेस खाली गादीवर आणि त्या जागी, इतकी वर्षं कपाटात मावत नाहीत म्हणून बॅगेत पडलेल्या आईंच्या साड्या लावलेल्या. बॅग भरत नव्हती हो, रिकामी होत होती!

"आजी-आजोबा बेडरूममध्ये झोपणार," चिऊने आनंदाने सांगितलं. "मी पण त्यांच्यासोबत! तुम्ही नव्या घरी जायचं, आणि रविवारी मला भेटायला यायचं."

बाबांनी टेप हळूहळू गुंडाळली. "म्हणजे घेत नाहीयेत?" त्यांनी आईंना अगदी हळू विचारलं.

"नाही म्हणे," आई म्हणाल्या. आणि देवाशपथ सांगते, आईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा!

इतक्यात आईंचा फोन वाजला. निकिताच होती. सचिन म्हणाला, "आई, कट कर," पण आईंनी सवयीप्रमाणे पहिल्याच रिंगला उचलला होता. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "हां बेटा... नहीं, वो वाला नहीं ले रहे. लेकिन तुम फोन रखना मत. इससे छोटा कुछ है क्या? एक रूम भी चलेगा. दो ही जन हैं, उनको कितना लगता है!"