कडेगावच्या हवालदाराचा जबाब

सांगलीत विश्रामबागच्या एका विधी महाविद्यालयात मी मानवी हक्कांचा कायदा शिकवते. मुलं हा विषय घेतात, कारण यात सहसा कोणी नापास होत नाही. मीही अलीकडे जुन्याच टिपणांवर तास उरकायची. नरसंहार, युद्धगुन्हे, साक्षीदारांचं संरक्षण... सगळं एका सुरात, चाळीस मिनिटांत.

अशाच एका तासानंतर स्टाफरूमच्या दारात साठीचा एक गृहस्थ उभा होता. कडेगावचा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता घरचा ऊस बघणारा. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यानं एक इंग्रजी पत्र काढलं.

"आवं मॅडम, परदेशातल्या कोरटाचं हाय म्हणं. माझ्यावर गुन्हा घातलाय का, तेवढं सांगा."

मी पत्र वाचलं. वीसेक वर्षांपूर्वी तो शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात होता. तिथं त्यांच्या छावणीच्या फाटकासमोर माणसं मारली गेली होती. मारणाऱ्यांचा म्होरक्या आता पकडला गेला होता आणि तपास करणाऱ्यांना हवालदाराचा जबाब हवा होता.

"आरोपी नाही, साक्षीदार आहात," मी म्हटलं.

"मग सांगतो. पर मराठीत सांगणार. फौजेत हिंदी बोललो, पर हे हिंदीत न्हाई यायचं मला."

दुभाषी म्हणून माझंच नाव ठरलं. महाविद्यालयाच्या एका खोलीत संगणकासमोर आम्ही तीन दिवस बसलो. पडद्यावरच्या तपास अधिकारी बाई शांतपणे विचारायच्या. म्होरक्याच्या गाडीचा रंग कोणता? तो किती अंतरावर होता? उजवा हात वर केला की डावा? तेच प्रश्न पुन्हा, जरा फिरवून. हवालदार दर वेळी तेच उत्तर द्यायचा. आवाज चढला नाही, पण तिसऱ्या दिवशी बोलून बोलून बसला. माझाही घसा बसला होता. 'मेले' हा शब्द दोन भाषांत इतक्या वेळा उच्चारला होता की तो ऐकूच येईनासा झाला होता.

मग बाईंनी विचारलं, लोक आत घ्या म्हणून फाटक वाजवत होते, तेव्हा ते का उघडलं नाही?

"हुकूम न्हवता," हवालदार म्हणाला. "पर किल्ली माझ्याच खिशात हुती."

मी इंग्रजीत एवढंच सांगितलं, की हुकूम नव्हता.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दमले होते, हे खरं. आणि या माणसानं स्वतःहून गळ्यात फास का अडकवून घ्यावा, असंही वाटलं. पण दुभाष्याला असं वाटून चालत नाही. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते.

हवालदार माझ्याकडं वळला. "मॅडम, इंग्रजी मला लय येत न्हाई. पर 'की' म्हंजे किल्ली, एवढं कळतं. तुमी ते बोलला न्हाई."

"तुमच्याच भल्यासाठी..."

"माझं भलं ऱ्हाऊ द्या. वीस वरसं कुणी इचारलं न्हाई. आज इचारलंय, तर सांगू द्या की."

मी बाईंना थांबवलं. माझ्याकडून एक वाक्य गळलं, असं म्हणाले आणि किल्लीचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, आणखी काही विचारलं नाही. मला मात्र मान वर करवेना.

पुढं दीड-एक वर्ष काहीच कळलं नाही. मग मला ईमेल आला. तो म्होरक्या कोठडीत आजारानं मरण पावला होता, खटला बंद झाला होता. सहकार्याबद्दल आभार.

फोनवर सांगणं बरं वाटेना, म्हणून एसटीनं कडेगावला गेले. हवालदार उसाला पाणी देत होता. बांधावरच त्याला सांगितलं. तो फावड्यावर हात ठेवून ऐकत राहिला.

"म्हंजे निकाल न्हाईच?"

"नाही."

"आन मी सांगितल्यालं?"

"दप्तरी राहील."

"वाचंल का कुणी?"

"माहीत नाही," मी म्हणाले. एके काळी यावर मी तासभर बोलले असते.

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. आमचे चेहरे बघून तिनं विचारलं, "काय झालं वो?"

"मेला म्हणं त्यो."

"कोण?"

तिला काहीच माहीत नव्हतं. सांगलीला पेन्शनच्या कामाला जातो, असं त्यानं घरी सांगितलं होतं. त्यानं फावडं बाजूला ठेवलं आणि बांधावर बसला.

"बस जरा हितं. तिकडं आमी छावणीवर हुतो ना, तवाचं सांगायचंय तुला."

ती पदर सावरत बसली. मी चहा संपवला आणि दोघांना नमस्कार करून स्टँडकडं निघाले. सांगलीची गाडी नुकतीच गेली होती. दुसरी केव्हा येईल, ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. सिमेंटच्या बाकावर टेकले. उद्या सकाळी पहिलाच तास होता आणि शिकवायचं होतं, साक्षीदारांचे हक्क.